खडकवासल्याची भजी आणि भिंतीवरची रेघ

बरेच दिवस या विषयावर लिहायचं मनात होतं, राहून जात होतं. गेल्या रविवारी निमित्त मिळालं. मुलगा, सून आणि नात (इयत्ता सहावी, उंची माझ्या खांद्याला लागली आहे) यांनी मला गाडीत घातलं आणि खडकवासल्याला नेलं. "आई, किती दिवसांत घराबाहेर पडली नाहीस, चल, भजी खाऊन येऊ." भजीला नाही म्हणणारी मी नव्हे.

सिंहगड रस्त्याबद्दल काही लिहीत नाही. पुणेकरांना ठाऊक आहे आणि बाहेरच्यांचा विश्वास बसणार नाही. स्वारगेटहून जेमतेम अठरा किलोमीटरचं अंतर, आम्हाला दीड तास लागला. माझे वडील सायकलवर याहून लवकर पोचत असत! असो.

धरणाच्या काठाला लोक चौपाटी म्हणतात. समुद्र नसलेल्या गावानं आपली हौस भागवून घेतली आहे. पाऊस नुकताच उघडला होता. समोर पाणी गढूळ, पण काठोकाठ. पलीकडच्या तीरावर एन.डी.ए.चा हिरवा डोंगर, डावीकडे ढगात अर्धा बुडालेला सिंहगड. निखाऱ्यावर कणसं तडतडत होती, कढयांतून कांदाभजीचे घाणे निघत होते. गाड्यांची ही रांग. पोरंटोरं, नवी जोडपी, आजी-आजोबा, सगळं पुणं लोटलं होतं. मला ही गर्दी आवडते हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे वाद तोच आहे.

आमच्या शेजारीच एक तरुण कुटुंब बसलं होतं. चांगली शिकलेली, बोलायला गोड माणसं. खाणं झाल्यावर त्या गृहस्थांनी कागदी बश्या, चटणीच्या पिशव्या आणि कणसाची बुरकुंडं एकत्र केली आणि अगदी सहज, पाणी जवळच होतं म्हणून, पाण्यात भिरकावली. मास्तरकी हाडात मुरलेली, मला राहवलं नाही. म्हटलं, "अहो, हे आपलं प्यायचं पाणी आहे." ते रागावले नाहीत. हसून म्हणाले, "काकू, आमच्याकडे फिल्टर आहे."

यावर काय बोलणार? मी गप्प बसले. खरं सांगायचं तर राग येण्याआधी मला वाटलं, की या माणसाला मी शाळेत शिकवलं असतं तर त्यानं हेच उत्तर दिलं असतं का? दिलं असतं कदाचित. माझ्याच वर्गात मी एकदा "घरच्या नळाला पाणी कुठून येतं?" असा प्रश्न विचारला होता. बत्तीस हात वर आले आणि उत्तर एकच, "बाई, गच्चीवरच्या टाकीतून!"

परतीच्या वाटेवर मुलगा चिडून म्हणाला, "हे सगळं बंद केलं पाहिजे. दुकानं उठवा, काठाला तारेचं कुंपण घाला, एकाला आत सोडू नका." सुनेचं तेच मत. माझ्या ओळखीतल्या बहुतेक शहाण्या माणसांचं तेच मत आहे. आणि त्यांचं सगळंच चूक नाही. कचरा होतो, रस्ता तुंबतो, रुग्णवाहिका अडकतात. दर वर्षी कुणाचं तरी पोर बुडाल्याची बातमी येते. वरच्या अंगाला गावं वाढली, हॉटेलं, फार्महाऊसं झाली, त्यांचं सांडपाणी कुठे जातं याचा विचार न केलेला बरा. २०२५ च्या जानेवारीत याच भागात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी इकडे, गुलेन-बारी नावाच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक निघाले आणि सगळ्यांची नजर पाण्याकडे वळली, तेव्हा बऱ्याच जणांना प्रथमच कळलं की धरणाच्या उशाला राहूनही पाणी स्वच्छ मिळेलच असं नाही.

तरीही कुंपणाला माझा विरोध आहे. त्याचं कारण भजी नव्हे (सुनेचा संशय तोच आहे). त्याचं कारण १९६१ साल आहे.

पण त्याआधी थोडं मागे जाते. इतिहास-भूगोल शिकवलेल्या बाईला मागे गेल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पेशवाईत पुण्याला पाणी कात्रजच्या तलावातून यायचं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात ते जमिनीखालच्या बांधीव नळातून शहरातल्या हौदांत आणलं. पुढे इंग्रज आले, लष्कराच्या छावण्या झाल्या, खडकीला दारूगोळ्याचा कारखाना झाला, पाणी पुरेना. त्यातच पुण्याच्या पूर्वेचा मुलूख, दौंड-इंदापूरकडचा, कायमचा अवर्षणाचा. तेव्हा कॅप्टन फाइफ नावाच्या इंजिनिअरनं मुठेवर खडकवासल्याला धरण बांधायची योजना केली आणि १८७० च्या दशकात चुन्यातलं, दगडी, मैलभर लांबीचं धरण उभं राहिलं. त्या काळच्या मानानं अचाट काम. जलाशयाला नाव पडलं 'लेक फाइफ'. माझे आजोबा तसंच म्हणायचे, फक्त त्यांच्या तोंडी ते 'लेकफाय' व्हायचं. लहानपणी मला वाटे, कुणाच्या तरी लेकीबाळींची गोष्ट आहे!

१९०३ साली याच धरणावर विश्वेश्वरय्यांनी आपले आपोआप उघडमीट करणारे दरवाजे बसवले. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढलं की दरवाजे आपसूक उघडायचे, पूर ओसरला की मिटायचे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या, ज्यांच्या जन्मदिवशी आपण अभियंता दिन पाळतो, तेच. पुण्यातच शिकले, मुंबई इलाख्याच्या नोकरीत होते. मैसूरचं कृष्णराजसागर सगळ्यांना माहीत असतं, पण त्यांच्या दरवाजांची पहिली परीक्षा आपल्या खडकवासल्यानं घेतली. धरणाच्या पायथ्याशी जलसंशोधन केंद्र आहे, त्याचा जन्म १९१६ चा. तिथे नद्यांची, बंदरांची, धरणांची छोटी प्रतिरूपं करून त्यांत पाणी खेळवतात. मी एका वर्षी मुलांना घेऊन गेले होते. वावभर रुंदीची नदी, टीचभर उंचीच्या लाटा. मुलं इतकी रंगली की डबे खायचे विसरली. एकानं विचारलं, "बाई, यात छोटे शार्कपण सोडतात का?"

स्वातंत्र्यानंतर पलीकडच्या काठाला एन.डी.ए. आली. १९४९ साली नेहरूंनी पायाभरणी केली, १९५५ च्या जानेवारीत रीतसर उद्घाटन झालं. तिथल्या छात्रांना शिडाच्या होड्या चालवायला हाच जलाशय. कधी चौपाटीवरून पांढरी शिडं दिसली तर पाच मिनिटं भजी बाजूला ठेवून बघा.

म्हणजे हा नुसता तलाव नाही. शेती, छावणी, शहर, शास्त्र, सैन्य, सगळ्यांनी एकाच ओंजळीतून पाणी प्यायलं आहे. आणि एका दिवशी ती ओंजळ फुटली.

घरच्या मंडळींना ही गोष्ट पाठ आहे, त्यांनी पुढचे दोनतीन परिच्छेद गाळले तरी चालतील. १२ जुलै १९६१, बुधवार. मी बारा वर्षांची. नारायण पेठेत नदीच्या अंगाला आमचा भाड्याचा वाडा होता, दोन खोल्या तळमजल्यावर. खडकवासल्याच्या वर, आंबी नदीवर, पानशेतला मातीचं नवं धरण बांधून होत होतं. काम पुरतं झालेलं नसताना त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठलं. पाणी सोडायच्या मोरीचं काम अपुरं होतं, पाण्याच्या जोरानं मोरीला इजा झाली आणि वरचा भराव खचत गेला. आदल्या दिवशी आणि रात्रभर जवानांनी वाळूची पोती रचून धरण तोलून धरलं. ते रात्री फुटलं असतं तर मी आज हे लिहायला नसते, हे मी अनेकदा मनात म्हणते. सकाळी ते फुटलं. त्याचं पाणी खडकवासल्यात आलं, ते इतकं पाणी पोटात घेणार कसं? त्याच दिवशी खडकवासल्यालाही खिंडार पडलं.

आम्हाला यातलं काहीही माहीत नव्हतं. मी दप्तर घेऊन शाळेत गेले होते. तास सुरू होतो न होतो तोच "घरी जा" म्हणून सोडलं. बोळात शिरले तर माणसं पळत होती, कुणी म्हणत होतं लकडी पुलावर पाणी आलं, कुणी म्हणत होतं अफवा आहे. आईनं तान्ह्या भावाला कडेवर घेतलं, देवघरातले टाक ओच्यात बांधले, गॅस नव्हताच, स्टोव्ह विझवला आणि कुलूप लावलं. कुलूप! त्या कुलपावर नंतर आम्ही किती हसलो. वडिलांनी आम्हाला टिळक रस्त्यावरच्या एका स्नेह्यांकडे पोचवलं आणि ते इतरांबरोबर पर्वतीवर जाऊन उभे राहिले. परत आले तेव्हा काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "नदी दिसत नाही. नुसतं पाणी दिसतंय."

पाणी ओसरल्यावर घरी गेलो तेव्हाचा वास अजून नाकात आहे. गाळ, रॉकेल, कुजलेलं धान्य. कुलूप तसंच होतं, दार नव्हतं. कपाट आडवं पडून त्याच्या तोंडाशी गाळ घट्ट बसला होता. आईच्या लग्नातले फोटो एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती. आईनं ती वीट मरेपर्यंत जपून ठेवली, उघडायचा प्रयत्न केला नाही. नळाला पाणी नव्हतं, कारण पाणी ज्यातून यायचं तेच वाहून गेलं होतं. सदाशिवातल्या एका आडावर रांगा लागायच्या. ज्या पाण्यानं घर नेलं, त्याच पाण्याच्या एका कळशीसाठी आम्ही तासन्‌तास उभे राहिलो. हजारो कुटुंबं उघड्यावर आली, त्यांच्यासाठी निस्सेन हट उभारल्या, पुढे गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती वसल्या. आज तिथले फ्लॅट कोटीत जातात आणि तिथे राहणाऱ्या कित्येकांना हे गाव पूरग्रस्तांचं हे ठाऊक नाही.

आता रेघ.

जिन्याच्या भिंतीवर पाण्याचा डाग राहिला होता. वडिलांनी तो डाग पुसला जायच्या आत खिळ्यानं आडवी रेघ ओढली आणि शेजारी '१२-७-६१' असं कोरलं. वडील साडेपाच फुटांचे, रेघ त्यांच्या डोक्यावर चार बोटं. वाड्यातल्या आम्हा पोरांची उंची मग त्याच रेघेला मोजली जाऊ लागली. "रेघेला लागलास का रे?" हा प्रश्न वाड्यात परीक्षेच्या निकालाइतका महत्त्वाचा होता. माझा भाऊ, तोच तान्हा, सतरा वर्षांचा असताना रेघेच्या वर गेला. त्या दिवशी आईनं शिरा केला. मी काही कधी रेघेला लागले नाही.

नव्वदच्या दशकात वाडा पाडला. तिथे चार मजली इमारत झाली, भाऊ अजून तिथेच राहतो. इमारत झाल्यावर मी नव्या सोसायटीच्या मंडळींना विनंती केली की पार्किंगच्या एखाद्या खांबावर, बाबांची रेघ होती त्या उंचीवर, एक छोटी पाटी लावू द्या, खर्च मी करते. त्यांनी ऐकून घेतलं, चहा पाजला. मग एक गृहस्थ म्हणाले, "ताई, अशी पाटी दिसली तर फ्लॅटची किंमत उतरेल हो."

त्या एका वाक्यात सगळं आलं. मी त्यांना दोष देत नाही, त्यांनी आयुष्याची पुंजी घातली होती. पण हेच शहरभर झालं. काही जुन्या वाड्यांवर अशा खुणा होत्या, वाड्यांबरोबर त्या गेल्या. आता नदीकाठी पूररेषा आहेत, निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पण त्या नकाशावर. नकाशा कचेरीत. आणि जो माणूस फ्लॅट घेतो तो कचेरीत जात नाही, तो जागा बघायला जातो. रेघ जागेवर हवी!

कुंपणाला माझा विरोध का, ते आता सांगता येईल. आम्हाला १९६१ साली पाणी घरात शिरेपर्यंत धरण म्हणजे काय हे माहीत नव्हतं. आमच्या लेखी खडकवासला म्हणजे लांब कुठेतरी असलेली सरकारी गोष्ट. वडील सायकलवर कधी जाऊन आले म्हणजे सांगत, तेवढंच. कुंपण घालून आपण पुन्हा तेच करणार आहोत. ज्या पाण्याला माणूस कधी तोंडानं बघत नाही ते त्याच्यासाठी टाकीतून येतं. उलट चौपाटीवर रविवारी हजारो पुणेकर आपल्या पायांनी, पदरचं पेट्रोल जाळून, धरणापाशी येऊन बसतात. एवढा मोठा वर्ग मला साऱ्या नोकरीत मिळाला नाही! आणि त्यांना शिकवायला तिथे आहे काय? 'पोहण्यास मनाई आहे' अशी एक पाटी, तीही गंजलेली.

आता थोडं गणित. कंटाळू नका, सोपं आहे. पुण्याला मुख्यत्वे पाणी देणारी धरणं चार. टेमघर ३.७१ टीएमसी, वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५ आणि खडकवासला १.९७. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी. चौघांचं मिळून २९.१५ टीएमसी. म्हणजे आपल्याला सगळ्यात जवळचं म्हणून सगळ्यात मोठं वाटणारं खडकवासला हे चौघांत सगळ्यात लहान. पानशेत त्याच्या पाचपटीहून मोठं आहे. ते पुन्हा बांधलं, आज आपण त्याच्याच जिवावर आहोत. वरच्या तिघांनी सोडलेलं आणि मधल्या डोंगरांवर पडलेलं सगळं पाणी या धाकट्याच्या पदरात येतं. ते भरायला वेळ लागत नाही, आणि भरलं की नदीत सोडण्यावाचून इलाज नसतो.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण अठ्ठावीस लिटर, म्हणजे दोन मोठ्या बादल्या. २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्यातून सोडलेलं पाणी पस्तीस हजार क्युसेकच्या घरात गेलं. म्हणजे दर सेकंदाला सुमारे दहा लाख लिटर! त्याच वेगानं दिवसभर सोडत राहिलं तर तीन टीएमसी होतं, म्हणजे अख्खं खडकवासला दीड वेळा रिकामं. सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत लोक झोपेतून उठले ते पाण्यात. जवानांना बोटी घेऊन यावं लागलं. आम्हाला आधी नीट कळवलं नाही, अशी तिथल्या लोकांची तक्रार होती. ती खरी असेल. पण मला दुसराच प्रश्न पडला. समजा रात्री दहा वाजता कुणी मोबाईलवर कळवलं असतं, 'विसर्ग ३५ हजार क्युसेक', तर किती जणांना कळलं असतं की आपल्या घराचा याच्याशी संबंध आहे? आपल्याला क्युसेकचा एकच अर्थ कळतो, भिडे पूल पाण्याखाली गेला की नाही. आणि गेला की आपण तो बघायला जातो, कणीस घेऊन.

२०१८ च्या सप्टेंबरमध्ये खडकवासल्याचा उजवा कालवा दांडेकर पुलाजवळ फुटला, तेव्हाही असंच झालं होतं. भर दिवसा, पाऊस नाही, काही नाही, आणि झोपडपट्टीत पाणी. एका ओळखीच्या बाईंनी तेव्हा मला विचारलं, "अहो, पण तिथे कालवा आहे?" त्या पंचवीस वर्षं रोज तो कालवा ओलांडून कामाला जात होत्या.

म्हणून माझं म्हणणं आहे, चौपाटी ठेवा. दुकानं काठापासून मागे सरकवा, परवाने द्या, कचरा उचलायची जबाबदारी परवान्यातच घाला. गाड्या अलीकडे थांबवून बस सोडा. पाण्यात उतरू देऊ नका, त्यासाठी माणसं नेमा, हवं तर त्याच दुकानदारांतली. त्या रविवारी मी कणीसवालीशी बराच वेळ बोलत बसले होते. ती म्हणाली, "आजी, वर पाणी दिसतं गुडघाभर, पण खाली गाळ असतो. गाळात पाय गेला की माणूस जितकी धडपड करील तितका आत जातो. आम्ही ओरडतो, पण आमचं कोण ऐकतंय? म्हणतात, तू तुझी कणसं भाज." पाण्याची इतकी जाण असलेल्या बाईला उठवायचं आणि तारेचं कुंपण आणायचं, हे मला पटत नाही. तार ओरडत नाही.

आणि एक मोठा फळा लावा तिथे. आज धरणात किती पाणी आहे, आज किती सोडलं, एवढं सोडलं तर शहरात कुठला पूल बुडतो, कुठल्या वस्तीनं हलायचं. रोज खडूनं लिहा. महागडं यंत्र नको, ते बंद पडतं. खाली लिहा, हे पाणी उद्या तुमच्या घरी येणार आहे. आमच्या वेळच्या भूगोलाच्या पुस्तकात भाक्रा-नांगल होतं, हिराकूड होतं, मुलं ते घोकायची. पानशेत मी पदरचं सांगत असे. एका वर्षी शाळेनं खडकवासल्याची सहल बंद केली, पालकांना पाण्याची भीती वाटते म्हणून. मुलांना मग एका वॉटर पार्कमध्ये नेलं. तिथे पाण्याची भीती वाटत नाही, कारण तिथे तिकीट असतं.

आणि शहरात नदीकाठच्या पेठांमधून, पुलांच्या कठड्यांवर, शाळांच्या भिंतींवर, १९६१ च्या पाण्याची रेघ ओढा. किंमत उतरली तर उतरू दे.

मुलाला हे सगळं गाडीत ऐकवलं. तो म्हणाला, "आई, तू लिहून काढ." (म्हणजे गप्प बस.) नात मात्र मागच्या सीटवर ऐकत होती. तिनं विचारलं, "आजी, पणजोबांची रेघ आता कुठे असती?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी टेप घेऊन भावाकडे गेलो. हिशेब करावा लागला. जुन्या वाड्याला तीन पायऱ्यांचं जोतं होतं, नवं पार्किंग रस्त्याच्या पातळीला आहे. म्हणजे रेघ आता पूर्वीपेक्षा दीडएक फूट वर गेली. नात स्टुलावर चढली आणि मी सांगितलं तिथे तिनं खांबावर खडूनं रेघ ओढली, शेजारी तारीख घातली. स्टुलावरून उतरून वर बघितलं आणि तिचा चेहरा जरा उतरला. तिच्या हाताच्याही वर होती.

रखवालदार बघत उभा होता. नांदेड जिल्ह्यातला आहे, बायको आणि दोन लहान मुलं घेऊन त्याच पार्किंगच्या कोपऱ्यातल्या खोलीत राहतो. त्यानं विचारलं, "आजी, हे काय?" मी सांगितलं. तो रेघेकडे बघत राहिला, मग आपल्या खोलीच्या दाराकडे, मग पुन्हा रेघेकडे. सोसायटीचे लोक दुपारी पुसून टाकतील असं मी म्हटलं तर म्हणाला, "राहू द्या दोनचार दिवस. मी नाही पुसू देत." मग जरा वेळानं त्यानं विचारलं, रात्री पाणी आलं तर गच्चीच्या दाराची किल्ली कुणाकडे असते. भावाला माहीत नव्हतं. भावानं चिटणिसांना फोन लावला. त्यांच्याकडे असते म्हणे. ते शनिवार-रविवारी लोणावळ्याला असतात.

आता दुसरी किल्ली करून रखवालदाराच्या खोलीत टांगली आहे. चाळीस रुपये पडले. रेघ मात्र तिसऱ्या दिवशी पुसली गेली.